गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालंय, पण आत गेलेलं पाणी कुठलं?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच दुरुस्त करता येईल. गाडी फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. दोन दिवस ओढ्यातून, वाळूतून आणि दगडी चढांवरून चालवली. परतताना ६०-७० च्या वेगाला गाडी थरथरायला लागली, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून जावी तशी. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल लाल असायच्या ऐवजी गुलाबी, फेसाळ आणि खुणेच्या वर चढलेलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, मात्र अर्धा लिटर कमी. एक मेकॅनिक म्हणतो रेडिएटरमधला कूलर फुटला. दुसरा म्हणतो ओढ्याचं पाणी ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा ये-जा करायच्या तोंडातून, शिरलं, कारण त्याने रेडिएटरला दाबाचा पंप लावून पाहिला तेव्हा बाहेर एक थेंब आला नाही, फक्त १० मिनिटांत दाबाचा काटा 'जरासा' उतरला. तिसऱ्याने गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला. आणि तुमचा प्रश्न असा की तेल बदलून ६० किलोमीटरवरच्या वर्कशॉपपर्यंत गाडी चालवत नेली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नेऊ नका. जागेवरून हलवायलासुद्धा इंजिन सुरू करू नका. गाडी फ्लॅटबेडवर घालून न्या, चारही चाकं वर. दोरी बांधून ओढत न्यायचीच वेळ आली तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दांडे) सोडवून मगच, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत असं झालं की आतले भाग कोरडे घासतात. एक दुरुस्ती वाचवताना दुसरी ओढवून घ्याल.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यापुढचा प्रश्न 'रेडिएटर बदलू की गिअरबॉक्स खोलू' असा दिसतोय, पण त्याच्या आधी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिघांपैकी कोणीच शोधलेलं नाही. दुधाळ तेल एवढंच सांगतं की तेलात पाणी आहे. ते पाणी कूलंटचं की ओढ्याचं, हे रंगावरून कळत नाही. रस्त्यावरच्या साध्या गाडीत मी फार विचार न करता कूलरकडे बोट दाखवलं असतं. जी गाडी पाण्यातून जाते तिच्यात दोन्ही वाटा उघड्या असतात, आणि दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. नुकसानही वेगळं आहे.

कूलंटची वाट आधी समजून घ्या. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायचं काम रेडिएटरकडेच असतं. रेडिएटरच्या बाजूच्या किंवा खालच्या टाकीत एक छोटा कूलर बसवलेला असतो. गिअरबॉक्सकडून एका पाईपने गरम तेल येतं, कूलरमधून फिरतं आणि दुसऱ्या पाईपने परत जातं. कूलरच्या भोवती सगळीकडे कूलंट. दोघांच्या मध्ये फक्त पातळ पत्रा, झाळलेले जोड, आणि कूलरची निपलं टाकीतून बाहेर येतात तिथली सीलं. काही नव्या गाड्यांत हा कूलर रेडिएटरमध्ये नसून गिअरबॉक्सच्या अंगाला चिकटवलेल्या प्लेटच्या डब्यासारखा असतो आणि कूलंटचे रबरी पाईप तिथपर्यंत जातात. जागा बदलली तरी दुखणं तेच. या रचनेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्यांचं. तिथे रेडिएटरमधल्या याच कूलरवरून अमेरिकेत खटला झाला आणि कंपनीने रेडिएटरची वॉरंटी वाढवून दिली. पण दोन द्रव एका टाकीत शेजारी ठेवणारी कुठलीही गाडी याला अपवाद नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सला मात्र सहसा अशी वाटच नसते. तिथे तेल पांढरं झालं तर पाणी बाहेरूनच आलं असं मी धरून चालतो.

पुष्कळ जण विचारतात की तेलाचा दाब जास्त असताना कूलंट तेलात शिरेलच कसं, तेल कूलंटमध्ये जायला हवं. बरोबर आहे, गाडी चालू असताना बहुधा तेच होतं. पण गरम गाडी बंद करून पाहा. इंजिन थांबलं की गिअरबॉक्सचा पंप थांबतो आणि कूलरमधल्या तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो. कूलंटचा दाब तसा उतरत नाही. रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं आणि इंजिन निवेपर्यंत, तासभर किंवा त्याहून जास्त वेळ, तो टिकतो. त्या वेळात चिरेतून कूलंट गुपचूप तेलात उतरत राहतं. म्हणून ही गळती प्रवासात कमी आणि थांब्यावर जास्त होते. तुम्ही चहाला थांबलात, गाडी तापलेली, परत निघालात आणि थरथर सुरू झाली, असा क्रम होता का ते आठवून पाहा. तसं असेल तर माझा कौल कूलरकडे थोडा झुकेल.

दुसरी वाट ओढ्याची. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तोच तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि तेवढी जागा भरायला बाहेरून काहीतरी ओढून घेते. ९० अंशांवरची हवा ३० अंशांवर आली तर तिचं आकारमान जवळजवळ सहाव्या भागाने कमी होतं, म्हणजे एक लिटर हवेमागे १६० मिलिलिटर. ब्रीदरचं तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल, किंवा त्याची नळी तुटून खाली लोंबत असेल, तर हवेच्या जागी पाणी येतं. शाफ्टच्या म्हाताऱ्या सीलमधूनही येतं. अर्ध्या मिनिटात ओढा पार करणाऱ्या गाडीपेक्षा मध्येच अडकून १० मिनिटं पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला हा धोका फार मोठा. तुम्ही किती वेळ आणि किती खोल पाण्यात होता, हे लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे.

आता तपासणी. माझा क्रम असा असतो की ज्याला खर्च नाही आणि काही खोलावं लागत नाही ते आधी.

पहिल्यांदा पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचे (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्यांचे) फिलर नट, म्हणजे तेल भरायच्या भोकाचे नट, आणि ट्रान्स्फर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याचा) फिलर नट उघडा. बोट घालून तेल बघा. कूलंटला डिफरन्शिअलपर्यंत जायला रस्ताच नाही. तिथेही तेल पांढरट झालं असेल तर गाडीने ओढा प्यायलाय, आणि गिअरबॉक्सचं पाणीही बहुधा तिथलंच. डिफरन्शिअल स्वच्छ, फक्त गिअरबॉक्स दुधाळ, तर कूलंटचा संशय वाढतो. वाढतो म्हणालो, सिद्ध होतो म्हणालो नाही, कारण प्रत्येकाचा ब्रीदर वेगळ्या उंचीवर असतो. ट्रान्स्फर केसवरून फार निष्कर्ष काढू नका, अनेक गाड्यांत तिचा ब्रीदर गिअरबॉक्सच्या नळीलाच जोडलेला असतो.

हे तीन नट उघडायला १५ मिनिटं लागतात आणि मी एकदा ती १५ मिनिटं वाचवली होती. दुधाळ तेल पाहिलं, कूलर फुटला असं ठरवलं, रेडिएटर बदलला, गिअरबॉक्स धुऊन दिला. तीन आठवड्यांनी तीच गाडी मागच्या डिफरन्शिअलच्या आवाजासाठी परत आली. उघडलं तर आत पाणी, बेअरिंगवर गंजाचे खड्डे. मग गिअरबॉक्सची ब्रीदर नळी शोधली, ती फांदीत अडकून मुळापासून उपटलेली होती. जुना रेडिएटर तपासला, तो पूर्ण ठणठणीत. त्या माणसाचे रेडिएटरचे पैसे मी परत केले, पण बेअरिंग काही परत करता आली नाहीत. तेव्हापासून दुधाळ तेलाची गाडी आली की पहिला हात डिफरन्शिअलच्या नटाला.

मग कूलंटची बाजू. गाडी पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा, गरम असताना मुळीच नाही. रेडिएटरच्या तोंडात आणि विस्तार टाकीत पांढरा टिश्यू बुडवून बाहेर काढा. टाकीच्या काठावर गुलाबी-तपकिरी सायीसारखा थर असेल, टिश्यूवर तेलाचा डाग फाकत असेल, तर निकाल जवळजवळ लागला. तेल कूलंटमध्ये गेलंय म्हणजे मधली भिंत फुटली आहे. इंजिन ऑइलची डिपस्टिकही त्याच वेळी बघा. कूलंटमधलं तेल इंजिनचंही असू शकतं, पण ते सहसा मळकट तपकिरी दिसतं आणि त्याचा वास वेगळा. थर दिसला नाही म्हणून कूलर निर्दोष ठरत नाही. चीर बारीक असेल तर महिनोन्‌महिने कूलंट स्वच्छ दिसतं.

कमी झालेल्या अर्ध्या लिटरबद्दल: तो पुरावा आहे, पण कच्चा. वाळूत आणि चढावर इंजिन तापून झाकणातूनही तेवढं कूलंट उडू शकतं. दुसरीकडे, गिअरबॉक्सची पातळी खुणेच्या किती वर गेली आहे ते मोजून पाहा. ड्रेन केल्यावर निघालेलं तेल मोजपात्रात घ्या. जेवढं कूलंट कमी, साधारण तेवढंच तेल जास्त, असा हिशेब जुळला तर मला त्याचं महत्त्व वाटतं. गाडी तिरकी उभी असेल तर मोजमाप फसतं, तेही लक्षात ठेवा.

आता नमुना. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच कूलंट की ओढा याचा निवाडा होतो आणि लोक नेमका हाच भाग गाळतात. ड्रेन नट सैल करून पहिलं तेल, साधारण २०० मिलिलिटर, स्वच्छ आणि कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या. पहिलंच घ्या, कारण पाणी आणि कूलंट दोन्ही तेलापेक्षा जड असतात आणि पॅनच्या तळाशी बसतात. बाटलीवर तारीख आणि किलोमीटर लिहा. सावलीत हलवाहलव न करता दोन दिवस ठेवा. थर वेगळे होत नसतील तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात, साधारण ६०-७० अंशांवर, तासभर उभी करा. झाकण सैल ठेवा. तळाशी पाण्याचा थर उतरला की सिरिंजला लांब सुई लावून बरोबर तळातून दोन-तीन थेंब ओढा आणि कूलंट तपासायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर) टाका. ओढ्याचं पाणी असेल तर रेषा शून्य अंशाच्या आसपास राहील. कूलंट असेल तर गोठणबिंदू शून्याच्या बराच खाली दाखवेल. सुईला तेल लागलं असेल तर काचेवरची रेषा धूसर दिसते, मग काच पुसून पुन्हा करा. तळाशी बारीक माती बसली असेल तर तीही बोलकी आहे. कूलंटमध्ये ओढ्यातला गाळ नसतो. थराच्या रंगावर मात्र फार विसंबू नका, विशेषतः तुमच्या गाडीत लाल किंवा गुलाबी कूलंट असेल तर.

थर उतरलाच नाही, सगळं एकजीव लोण्यासारखं राहिलं, तर बाटली वापरलेल्या तेलाचं परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि पाण्याचं प्रमाण, ग्लायकॉल, सोडियम आणि पोटॅशियम बघायला सांगा. शेवटची दोन मूलद्रव्यं बहुतेक कूलंटच्या गंजरोधक मसाल्यातून येतात. शक्य असेल तर त्याच जातीच्या न वापरलेल्या तेलाचा नमुनाही सोबत द्या, म्हणजे तुलना करता येते. तव्यावर थेंब टाकून तडतड ऐकायची जुनी चाचणी पाणी आहे एवढंच सांगते, कुठलं ते सांगत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी तिचा उपयोग नाही. आणि कूलंट गोड लागतं म्हणून चाखून बघायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. इथिलीन ग्लायकॉल विष आहे. सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असं पुसून घ्या.

आता दुसऱ्या मेकॅनिकच्या पंपाच्या चाचणीबद्दल. चाचणी चांगली होती, वाचली चुकीची. बाहेर थेंब आला नाही, कारण बाहेर यायचंच नव्हतं. कूलरचे पाईप गिअरबॉक्सला जोडलेले असताना चिरेतून गेलेलं कूलंट सरळ गिअरबॉक्सकडे जातं आणि कोणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त काटा, आणि काटा उतरला होता. तो दुसऱ्या कशाने उतरला असेल, पंपाच्या अडॅप्टरची रबर रिंग गळत असेल, मान्य. पण काटा उतरतो आणि गळती दिसत नाही, याचा अर्थ 'गळती नाही' असा कधीच लावायचा नसतो. ती आत कुठेतरी आहे.

मी ती चाचणी अशी करतो. कूलरचे दोन्ही पाईप रेडिएटरपासून सोडवायचे. इथे एक कळकळीची सूचना: निपलला एक पाना, पाईपच्या नटाला दुसरा. एकाच पान्याने नट फिरवला की निपलही सोबत वळतं आणि टाकीच्या आतला कूलरचा जोड पिळला जातो. मी पाहिलेले काही कूलर खराब रस्त्यांनी नाही, असल्या एका पान्याच्या कामाने फुटलेले होते. पाईप सुटले की कूलरमधलं तेल हलक्या हवेने बाहेर काढायचं, निपलं पुसून कोरडी करायची आणि खाली पांढरा टिश्यू बांधायचा. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत न्यायचं, त्याच्या पुढे नाही. आणि थांबायचं. १० मिनिटं नाही, किमान तासभर, जमलं तर रात्रभर.

रेडिएटर गार असताना चाचणी पास झाली तर तीच गरम असताना करायची. इंजिन सुरू करायचं नाही म्हटल्यावर गरम कशी, असं विचाराल. रेडिएटर गाडीतून उतरवायचा आणि त्यात ८० अंशांच्या आसपासचं पाणी भरायचं, हातमोजे आणि चष्मा घालून. धातू तापला की पसरतो आणि केसाएवढी चीर तेव्हाच तोंड उघडते. एका गाडीचा रेडिएटर दोन ठिकाणी गार तपासून निर्दोष ठरवला होता. माझ्याकडे गरम पाणी भरून पंप मारला तेव्हा अर्धा तास काहीच नाही. चाळिसाव्या मिनिटाला खालच्या निपलच्या तोंडाशी एक थेंब गोळा झाला, टिश्यूवर पडला आणि मुगाएवढा हिरवट डाग उमटला. मी त्यात हिरवा रंग टाकला होता म्हणून तो दिसला, साधं पाणी असतं तर घामाचा थेंब समजून सोडून दिला असता. त्या मुगाएवढ्या डागाने एक गिअरबॉक्स खाल्ला होता.

उलट बाजूनेही तपासता येतं. कूलरच्या एका निपलला बूच, दुसऱ्याला हवा, रेडिएटर पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि तोंडात बुडबुडे येतात का ते बघायचं. हवा २ बारपर्यंत, रेग्युलेटर लावूनच. वर्कशॉपची कंप्रेसर लाईन थेट जोडली तर चांगला कूलरही तुमच्यासमोर फुटेल.

यातून जे निघेल त्यावर पुढचं काम ठरतं, आणि इथे मी ठाम शब्द देऊ शकत नाही, कारण किती पाणी आत गेलं आणि त्यावर गाडी किती चालली हे तुमच्या गाडीलाच ठाऊक. ऑटोमॅटिकच्या क्लच प्लेटवर कागदासारख्या तंतूंचं लायनिंग चिकटवलेलं असतं. पाणी त्या तंतूंत तेलापेक्षा लवकर शिरतं, लायनिंग फुगतं, चिकटवलेला थर सुटायला लागतो. सगळ्यात आधी टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातला) लॉकअप क्लच तक्रार करतो. तुम्हाला ६०-७० ला जाणवलेली थरथर हीच असावी, त्या वेगाला तो लॉक होतो. स्कॅनर लावाल तेव्हा पी०७४१ हा कोड आहे का बघा, तो याच क्लचशी निगडित आहे.

फक्त ओढ्याचं पाणी असेल आणि थोडंच चालवलं असेल तर गिअरबॉक्स वाचायची आशा बरी असते. कूलंट असेल तर कमी, कारण ग्लायकॉल तेल तापवून उडवता येत नाही. 'गाडी चांगली तापवून चालव, पाणी उडून जाईल' असं सांगणारे भेटतील. पाणी १०० अंशांना उकळतं, ग्लायकॉल १९७ ला. गिअरबॉक्स त्या तापमानाला पोचला तर वाचवायला काही उरणार नाही.

म्हणून मी पॅन उतरवतो आणि तळ बघतो. लोहचुंबकावर बारीक करडी पेस्ट असणं नेहमीचं आहे. काळे पापुद्रे, बोटांत चुरडले की कागदासारखे मोडणारे, दिसले तर लायनिंग सुटलंय, आणि मग तेल बदलण्यात पैसे घालवू नका. गिअरबॉक्स खोलायला हवा. तळ स्वच्छ असेल, जळका वास नसेल, थरथर नुकतीच सुरू झाली असेल तर धुऊन बघणं योग्य आहे. पण धुणं म्हणजे नट उघडून तेल सोडणं आणि नवं भरणं नव्हे. तसं केलं तर एका वेळी एकूण तेलाच्या तिसऱ्या भागापासून फार तर अर्धं निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि पाईपमध्ये तसंच राहतं. फिल्टर नवा, पाईप आणि बाहेरचा कूलर असेल तर तोही धुऊन, आणि तेल गुलाबी छटा पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा बदलायचं. एका गाडीत तीन वेळा तेल बदलून, रंग स्वच्छ लाल आल्यावर मी ती सोडली होती. कन्व्हर्टर मात्र काढला नव्हता. दोन महिन्यांत थरथर परत आली आणि शेवटी कन्व्हर्टर कापून उघडला तेव्हा आतलं लायनिंग पापुद्रे धरून उभं होतं. आता कूलंट निघालं आणि गाडी त्यावर चालली असेल तर मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की कन्व्हर्टर बदलायची तयारी ठेवा.

इथवरचं थोडक्यात, कारण पुढे जाण्याआधी हा क्रम डोक्यात पक्का हवा: इंजिन बंदच ठेवायचं, डिफरन्शिअलचे नट, टिश्यू, बाटलीतला नमुना, मग पाईप सोडवून दाबाची गार आणि गरम चाचणी, आणि पॅन सगळ्यात शेवटी.

कूलरच फुटलेला निघाला तर तो का फुटला हेही शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. तुमच्या गाडीला विंच आणि जादा दिवे आहेत असं लिहिलंय. त्यांचं अर्थिंग सैल किंवा गंजलेलं असेल तर परतीचा करंट कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियम आतून खातो. रेडिएटर बदलून इंजिन सुरू करता आल्यावर हे तपासा. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू देऊ नका. आधी सगळं बंद, मग दिवे, मग विंच, एकेक चालू करत आकडा बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेला तर ज्या गोष्टीने गेला तिची अर्थ वायर सोडवा, घासा, सरळ बॅटरीला न्या. कूलंट शेवटचं कधी बदललं तेही आठवा, जुन्या कूलंटमधला गंजरोधक मसाला संपलेला असतो. आणि रेडिएटरच्या माउंटिंगची रबरं बघा. चेसी पिळवटते तेव्हा ती रबरं मेलेली असतील तर सगळा ताण कूलरच्या निपलांवर येतो.

कूलंटमध्ये तेल गेलेलं असेल तर रबरी पाईपही दाबून पाहा. तेल लागलेलं रबर फुगतं आणि स्पंजासारखं मऊ लागतं. असे पाईप, थर्मोस्टॅटची रिंग आणि रेडिएटरचं झाकण मी जुनं ठेवत नाही.

पुढे काय लावायचं याबद्दल मेकॅनिकांत दोन मतं आहेत. एक, तसाच नवा रेडिएटर. दुसरं, रेडिएटरमधला कूलर सोडून देऊन तेल वेगळ्या, हवेने थंड होणाऱ्या कूलरला जोडायचं, म्हणजे दोन द्रव पुन्हा भेटायलाच नकोत. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण अटींसह. चढावर आणि वाळूत गाडी पायी चालल्यासारखी जाते, त्या वेळी समोरून वारा नसतो, म्हणून त्या कूलरला स्वतःचा पंखा हवा. रेडिएटरमधला कूलर गारठ्यात तेल गरम करायचंही काम करतो, म्हणून थंड हवेत चालवत असाल तर थर्मोस्टॅट असलेला व्हाल्व्ह हवा. आणि तेलाच्या तापमानाचा मीटर हवाच. ८० ते १०० अंशांत राहिलं तर निर्धास्त राहा, १२० च्या वर गेलं तर थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल निवू द्या. हे तिन्ही बसवायची तयारी नसेल तर कंपनीसारखाच चांगल्या प्रतीचा नवा रेडिएटर बसवा, तेच बरं.

निदान ओढ्याकडे गेलं तर गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलच्या ब्रीदर नळ्या इंजिनच्या मागच्या भिंतीपर्यंत वर न्या, कुठेही खाली झोळ न ठेवता. बसवल्यावर प्रत्येक नळीत फुंकून बघा. चोंदलेला ब्रीदर गरम गिअरबॉक्सचं तेल सीलमधून बाहेर ढकलतो.

कूलंट निघो की ओढा, निवाडा होईपर्यंत काढलेलं तेल आणि बाटली फेकू नका. डिफरन्शिअलचं तेल कसं निघालं, नमुन्याच्या तळाशी काय उतरलं, रिफ्रॅक्टोमीटरने किती दाखवलं आणि पाईप सोडवून केलेल्या चाचणीत किती वेळाने काटा किती उतरला, या चार गोष्टी कळवा. पाण्यात किती वेळ उभे होतात तेही. मग गिअरबॉक्स धुवायचा की खोलायचा, यावर मी माझं मत स्पष्ट सांगेन.